ठकी इथं राहत नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या राजुरीत कुणाच्या अंगात यायला लागलं की मी उठून घरी येते. शाळा माझी चौथीपर्यंत, पण खोटं लिहिणार नाही — घडलं तेवढंच सांगते.

दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. सून वैशाली हिनं पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी आणलं. मधल्या खोलीत टेबल, त्यावर कॉम्प्युटर. कंपनीचं म्हणणं, हे पहिलं काम वेळेत दिलं तर गावात राहून नोकरी कर, नाहीतर पुण्याला ये. पुण्याला म्हणजे नातही जाणार. दोन वर्षांची पोर. मला तिची सवय झाली होती.

काम एका दवाखान्याच्या कागदांचं. वैशाली म्हणायची, "सगळं कंटेनरमध्ये ठेवलंय." मला वाटलं, द्राक्षं परदेशी जातात तो लोखंडी डबा. ती हसली.

"अहो आई, एकाच मशीनमध्ये वेगळी वेगळी बंद घरं. आतल्याला वाटतं, आपलं घर म्हणजेच सगळं जग."

"म्हंजी सासर," मी म्हणाले.

द्यायच्या दिवशी सकाळपासून ते आतलं घर अडून बसलं. फायली आत होत्या, पण आतला प्रोग्रॅम त्यांना हात लावायला गेला की पाटी यायची — परवानगी नाही. दुपारी दोनला पुण्याची जीप मशीन न्यायला येणार... आणि बारा वाजले तरी तेच. 'दप्तर' हे मशीनमधल्या कारकुनाला तिनंच ठेवलेलं नाव. पडद्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा म्हणायची, "फायलींचा मालक कोण? दप्तर. आत काम करणारा कोण? दप्तर. मग अडतंय कुठं?"

"समद्यांनाच परवानगी देऊन टाक की."

"आजारी माणसांची कागदं आहेत ती, आई. कुणीपण वाचेल. असं दिलं तर कंपनी दारात उभं करणार नाही."

मी तिच्या मागंच खाली लसूण सोलत बसले होते. दार उघडं. ओट्यावर शेजारची हिराबाई शेंगा फोडत होती. तेवढ्यात बाहेरून हाक आली —

"ठके! ए ठके! हायेस का घरात?"

मी मान वर न करता बोलले, "ठकी न्हाई ऱ्हात हितं. दुसरं घर बघा."

आणि लसूण हातातच राहिला.

ठकी मीच. ते माझं माहेरचं, बोरी बुद्रुकचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात 'सुमन' लिहिलं, त्या दिवसापासून या घरात ठकी कुणी नाही. 'ठके' म्हणणारी शेवटची माझी आई. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी बाहेर गेले. "हिरे, कोण आलं व्हतं?"

"एवढ्या उन्हाचं कोण येतंय? मी हितंच हाय की! काकू, ऊन लागलं का काय तुमाला?"

रस्ता सरळ, लांबपर्यंत दिसतो. कुत्रंसुद्धा नव्हतं.

आत आले तर वैशाली विचारते, "आई, बाहेरून कुणीतरी हाक मारली, ती ठकी कोण?"

हे नाव मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे हाक तिनंही ऐकली होती.

"मीच. माहेरी ठकी, हितं सुमन. बाई तीच."

ती पडद्याकडं वळली. मग टेबलावर हात मारला. "आपलं उलटं झालंय! तुम्ही बाई एक, नावं दोन. इथं नाव एक आणि माणसं दोन! मशीन नावानं नाही, नंबरानं ओळखतं... आणि मी बाहेरून नुसती नावं वाचत बसले."

तिनं कंटेनरच्या आत जाऊन नंबर पाहिले. बाहेरचा दप्तर पाचशे दोन, आतला दप्तर पाचशे तीन. फायली पाचशे दोनच्या, आणि त्या नंबरचं आत कुणी राहतच नव्हतं. तिनं फायली पाचशे तीनच्या नावावर केल्या. पाटी गेली. मी तिथंच भिंतीला पाठ टेकली.

जीप आली, ड्रायव्हर चहा पिऊन मशीन घेऊन गेला. आठवड्यानं फोन आला, गावातच राहा. नात इथंच वाढली. आता मला उलट उत्तरं देते.

हाक कुणाची, ते आजही कळलेलं नाही. हिराबाई म्हणते, भास. दोघींना एकच भास, आणि दारात बसलेलीला काहीच नाही? वैशाली एवढी शिकलेली, तिलाही सांगता येत नाही.

मला एकच टोचतं. दारात आलेल्या माणसाला मी दुसरं घर बघायला सांगितलं. परत हाक आली तर आधी 'हाय, आत ये' म्हणणार. कोण ते मग विचारीन.