आजोबांच्या आवाजाच्या सहा कॅसेट

तुम्ही दोघांनी मागच्या फोनवर विचारलंत की आजोबांचा आवाज कसा होता, आणि तो ऐकायला मिळेल का. तेव्हा मी विषय बदलला. आता नीट लिहिते, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

तुमचा बाबा परदेशी शिकायला गेला तेव्हा आजोबा, म्हणजे त्याचे अण्णा, त्याला कॅसेटवर पत्र पाठवत. टेपरेकॉर्डर जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, चष्मा पुसायचा, खाकरायचं आणि बोलायला लागायचं. साताऱ्यात कोणाचं लग्न ठरलं, पाणी किती वाजता येतं, असलंच सगळं. मधेच एखादं पद म्हणत. बाबाने त्या सगळ्या जपून ठेवल्या आणि शिक्षण संपल्यावर एका सुट्टीत परत आणल्या. सहा होत्या. त्यांवर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून आजोबांनी प्रत्येकीच्या पाठीवरचे प्लास्टिकचे बारीक तुकडे मोडून टाकले होते.

नव्याण्णव साली ते गेले. दिवसवार झाल्यावर बाबा दोन आठवडे राहिला. घर फार शांत आहे, असं त्याचं म्हणणं. त्याने मधल्या खोलीत नवा कॉम्प्युटर मांडला, जुना पुढच्या खोलीत नेला आणि भिंतीच्या कडेने तार ओढली. गाणी मधल्या खोलीत साठवायची आणि एका प्रोग्रॅमने ती पुढच्या खोलीत ऐकायची, अशी योजना. त्यात त्याने गाणी भरली आणि त्या सहा कॅसेटही उतरवल्या. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ तिला लागतो, म्हणून ते काम तीन-चार दिवस चाललं. आजोबा घरभर बोलत होते आणि मी तांदूळ निवडत होते. मला काही वाटलं नाही. त्या वर्षी मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. कामं मात्र वेळच्या वेळी होत होती.

एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवायची नाही, ही माझी सवय. पाचगणीच्या एका शाळेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळताना ती लागली. बाबा परत गेल्यावर महिन्याने सांगलीहून वन्सं, म्हणजे आजोबांची बहीण, आल्या. त्यांच्या भजनी मंडळाला सराव भरून ठेवायला कॅसेट हव्या होत्या. आवाज कॉम्प्युटरमध्ये आहेच, असं म्हणून मी कपाटातल्या सहाही काढल्या. मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे मला ठाऊक होतं. सहाही कॅसेटना मी नीट पट्ट्या लावल्या, लेबलं काढली आणि फडक्याने पुसून दिल्या. आपल्या दादाच्या आहेत हे वन्संना कळलं नाही. मी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास बाबाने टपालाने एक सीडी पाठवली. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती, जुनीत आवाज मधेच तुटे. सोबत दोन पानी पत्र, पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या. प्रत्येक पायरी झाली की मी पेन्सिलीने खूण करत गेले. सातवी झाल्यावर पडद्यावर एक प्रश्न आला, जो पत्रात नव्हता. जुनी आवृत्ती आणि तिच्या सगळ्या फायली काढून टाकायच्या का? तसं करणं चांगलं, असंही खाली लिहिलं होतं. नवं आलं की जुनं काढायचं, यात मला गैर दिसलं नाही. मी ‘हो’ म्हटलं. मला इंग्रजी येत नसतं तर मी थांबून कोणाला तरी विचारलं असतं.

रविवारी बाबाचा फोन आला.

"आई, आता आवाज तुटत नाही ना?"

"प्रोग्रॅम उघडतो. यादी रिकामी आहे."

त्याने मला दोन-तीन ठिकाणी बघायला लावलं. कुठेच काही नव्हतं.

"असू दे. गाणी मी पुन्हा पाठवतो. अण्णांच्या कॅसेट कपाटात आहेत ना?"

"सांगलीला आहेत. आत्याच्या मंडळाला दिल्या."

"त्यांवर भरता येत नाही, बरं झालं."

"पट्ट्या मीच लावून दिल्या."

तो म्हणाला, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी एसटीने सांगलीला गेले. वन्संच्या माजघरात मंडळाच्या चार बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मी का आले ते सांगितलं.

"वहिनी, तुम्ही कोऱ्या म्हणून दिल्यात," वन्सं म्हणाल्या.

"हो."

"एका शब्दाने बोलायचं तरी. माझा दादा होता तो."

चौघींतली एक उसाच्या गावाकडची बाई पुढे सरकली. "आवं वैनी, आमाला म्हाईत असतं तर हात लावला असता व्हय? माझा आवाज तर लय बेसूर हाय, खुशाल पुसा."

"तुझा पुसायला रंधा लागेल," शेजारची म्हणाली. वन्संनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

दोन दिवस आम्ही त्या सहा कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकल्या. टाळ, पेटी, बायकांचे आवाज. चौथीच्या पहिल्या बाजूला भजन अर्ध्यात थांबलं, कोणीतरी म्हणालं, "नळ आला, उठा गं," आणि खट्ट आवाज झाला. त्यानंतर आजोबा बोलायला लागले.

"...तर मोटरचं हे असं झालं. तू हसशील, पण मी तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. आता ही बाजू संपत आली. पुढची गंमत उलट्या बाजूला सांगतो, थांब."

वन्संनी पदर तोंडाला लावला. मी बाजू उलटली. तिथे शेवटपर्यंत भजन होतं. पाचवी आणि सहावीही तशाच निघाल्या.

तेवढ्या चार वाक्यांची नक्कल या पाकिटात घातली आहे. आवाज थोडा जाड वाटेल, त्यांना तेव्हा सर्दी झाली असावी. मोटरचं पुढे काय झालं ते मी बरेच दिवस आठवून पाहिलं. आम्ही एकाच घरात राहत होतो, म्हणजे मला ते माहीत असणारच. पण आठवत नाही.