ओढायला एकच जागा

आमच्यात थोरल्यासमोर कुणी ओढत नाही. धाकटा ओढतो हे थोरल्याला माहीत असतं, आणि थोरल्याला माहीत आहे हे धाकट्यालाही माहीत असतं. तरी समोर ओढायची नाही. याला आमच्याकडे अदब म्हणतात. मी बँकेतून निवृत्त झालो, मला नातू झाला, तरी दादांची चाहूल लागली की सिगारेटचा हात आपोआप पाठीमागे जायचा. बायकोला याचं भारी हसू यायचं. "चष्मा लागला, कवळी लागली, आता तरी भावाला भिऊ नका," म्हणायची. मी भीत नव्हतो. पण ते तिला समजावून सांगायला मलाही कधी नीट जमलं नाही.

दादा माझ्याहून बरेच मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा त्यांनी कंधार सोडून लातुरात पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं आणि त्याच दुकानावर माझं कॉलेज केलं. ते बिडी ओढायचे, पण माझ्यासमोर कधीच नाही. आपण ओढली तर पोराला कुठल्या तोंडानं नको म्हणायचं, असा त्यांचा हिशेब. पोरगं पुढे स्वतःच ओढायला लागलं, तरी त्यांचा हिशेब बदलला नाही. मी दुकानाच्या मागे असेन असं वाटलं की ते लांबूनच मोठ्यांदा खाकरायचे. मला विझवायला वेळ मिळावा म्हणून. मी विझवायचो, ते यायचे, आणि आम्ही दोघे त्या धुरात उभे राहून पावसापाण्याचं बोलायचो.

दोन-चार वर्षांमागे दादांच्या मुलाने आम्हाला जहाजाच्या सहलीला नेलं. दादा, वहिनी, मी आणि माझी बायको. पुतण्या पुण्यात नोकरीला असतो, हौशी आहे. मुंबईहून निघायचं, समुद्रात हिंडून पुन्हा मुंबईलाच यायचं. जायचं कुठे, असं दादांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कुठं न्हाई, नुसतं जहाजात ऱ्हायचं." दादांना ते काही पटलं नाही, पण पोरगं एवढ्या हौसेने नेतंय म्हणून आले. मी नांदेडहून, ते लातूरहून, आणि मुंबईत भेट.

बंदरावर सामान तपासताना पहिला दणका वहिनींना बसला. पिशवीतून उदबत्त्या निघाल्या. जहाजावर उदबत्ती-मेणबत्ती चालत नाही, म्हणून त्या जमा झाल्या. "मग देवाला काय बॅटरी दाखवू का?" वहिनी म्हणाल्या. मागोमाग पुतण्याच्या बॅगेतून पेनासारखं काहीतरी निघालं. तपासणाऱ्या माणसाने ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. व्हेप होतं ते, बॅटरीवरची सिगारेट. पुतण्या हळू आवाजात त्याच्याशी हुज्जत घालू लागला, की यात धूर नाही, नुसती वाफ आहे. तो माणूस म्हणाला, आमच्याकडे वाफसुद्धा धूरच धरतात, आणि आपल्या देशात याला तशीही बंदी आहे. पुतण्याचे कान लाल झाले. दादांनी लगेच तोंड फिरवलं आणि क्रेन बघत उभे राहिले. मुलाचं सगळं आवरेपर्यंत त्यांनी इकडे पाहिलंच नाही.

खोलीत नियमांचा एक जाड कागद ठेवला होता. खोलीत ओढायची नाही, बाथरूममध्ये नाही, खोलीच्या गॅलरीत तर मुळीच नाही, कारण वाऱ्याने ठिणगी खालच्या गॅलरीत जाते. पकडलं तर दंड. ओढायची जागा एकच, वरच्या डेकवर मागच्या अंगाला. मी त्याच संध्याकाळी ती शोधून काढली. जहाज केवढं, तर आमची अर्धी गल्ली आत मावेल. पोहायला तलाव, नाचायला हॉल, मुलांना घसरगुंडी. आणि ओढणाऱ्यांना एक कोपरा, त्यात दोन बाक आणि वाळू भरलेले डबे. नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. समुद्राच्या मधोमध आग लागली तर पळणार कुठे? पण तो नियम करणाऱ्यांना आमच्या घरातला नियम ठाऊक नव्हता.

लातुरात आम्हाला जागाच जागा होती. दादांना दुकानामागची भिंत, मला वहिनींची गच्ची, नाहीतर रस्त्यापलीकडचं चहाचं हॉटेल. इथे दोघांना मिळून दोन बाक. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर मी तिथून परत येत होतो आणि दादा लिफ्टमधून बाहेर पडले.

"कुठं गेलता?"

"वारा खायला."

"मीबी जरा वारा खाऊन येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमची न बोलता पाळी ठरून गेली. चहा झाला की ते जायचे, ते आले की मी उठायचो. वर वाऱ्याचा आणि इंजिनाचा इतका घोंगाट, की खाकरलेलं ऐकू यायची सोय नव्हती. म्हणून दादा काचेच्या दाराशी थांबून आत वाकून बघायचे, मी दिसलो तर मागे फिरायचे. मीही तसंच करायचो. पुतण्याची तल्लफ अनावर झाली तेव्हा त्याने कुणाकडून तरी सिगारेट मागून आणली, पण दारातून आधी बाप दिसला, मग काका दिसला, आणि तो बिचारा हात हलवत खाली आला. बायका पत्ते खेळत होत्या. बायको म्हणाली, "तुम्ही तिघं मिळून दार राखताय का?" तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. दादासुद्धा हसले.

शेवटच्या संध्याकाळी सगळे खाली जादूचे प्रयोग बघायला गेले होते. डेकवर कुणी नव्हतं. मी नुकतीच पेटवली होती. दार उघडलं आणि दादा बाहेर आले. दाराशी थांबले नाहीत, वाकून बघितलं नाही, सरळ चालत आले आणि माझ्याच बाकावर, अगदी खेटून बसले. दुसरा बाक मोकळा होता. मी गडबडीत सिगारेट मुठीतच दाबली, तळहात चांगलाच पोळला, आणि मी ताडकन उभा राहिलो.

"अरे, बस की," दादा म्हणाले.

"न्हाई दादा, तुमचं चालू द्या."

"बस रे जरा."

मला वाटलं, मोठेपणाने म्हणतायत. पाहुण्याला जेवून जा म्हणतात ना, तसं. मी हसून निघालो. दारापाशी वळून पाहिलं, तर त्यांच्या बोटांत बिडी होती, पण पेटवली नव्हती. ती तशीच धरून ते समुद्राकडे बघत होते. मी दिसतोय म्हणून थांबलेत, असं समजून मी आणखी आडोशाला झालो. मग खाली जाऊन जादू पाहिली.

सकाळी मुंबई आली. ते लातूरला गेले, मी नांदेडला.

पुढे फोनवर दादांचा आवाज बसलेला वाटायचा. विचारलं की म्हणायचे, थंडीनं धरलंय. मग, दुकानातल्या व्हार्निशनं धरलंय. मलाही ते खरं वाटलं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं. उन्हाळ्यात त्यांना घास गिळेना तेव्हा पुतण्या पुण्याहून धावत आला. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. गळ्यातली गाठ आता औषधाने, किरणांच्या शेकाने आवरण्यापलीकडे गेली होती. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला पुढे भोक ठेवलं, त्यातून ते श्वास घेतात. डॉक्टर म्हणाले की आधी आले असते तर कदाचित आवाज वाचला असता. त्या कदाचितचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

ऑपरेशननंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात मी वहिनींवर जवळजवळ खेकसलोच. इतके दिवस कुणाला काही सांगितलं कसं नाही म्हणून. वहिनी रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "ते तुमालाच सांगनार होते, भावजी."

जहाजावर जायच्या आधीच दादा लातुरात डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरने गळ्यातला तुकडा काढून तपासायला सांगितला होता. दादांनी धसका घेतला. मुलाला सांगायचं नव्हतं, तो सहलीच्या आनंदात होता आणि त्याने लगेच उचलून पुण्याला नेलं असतं. "जहाजावर धाकट्याला एकट्याला गाठतो," असं ते वहिनींना म्हणाले होते. "त्यो म्हनल तसं करू. त्यो चल म्हनला तर जातो." त्या संध्याकाळी ते खोलीत परत आले तेव्हा वहिनींनी विचारलं, सांगितलं का? दादा म्हणाले, "कसं सांगू? लई मान देतो मला. बसलाच न्हाई."

आता सिगारेट मी सोडली आहे, त्यांची बिडी तर सुटलीच. पण सोडून उशीर झाला, हे दुःख नाही माझं. आयुष्यभर आम्ही एकमेकांना जागा करून दिली, आणि ज्या दिवशी त्यांना मी जागेवर हवा होतो त्या दिवशीही मी तेच केलं. माझा राग कधी त्या अदबीवर येतो, कधी स्वतःवर, कधी उगाच त्या दोन बाकांवर.

महिन्यातून दोनदा तरी नांदेडहून बसने लातूरला जातो. दादांच्या शेजारी, त्यांच्याच कॉटवर बसतो. ते ओठांनी बोलतात. वहिनींना सगळं कळतं, मला कळत नाही. पुन्हा सांगा म्हणायला जीव होत नाही, म्हणून मी नुसती मान हलवतो. परवाही ते बराच वेळ काहीतरी सांगत होते, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. मी मान हलवत होतो, हाव, हाव म्हणत होतो. वहिनी ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून दारात आल्या.

"भावजी, नुसती मान काय हलवून राहिलात?" त्या म्हणाल्या. "ते काही सांगत न्हाईत, तुमाला कव्हाचं इचारून राहिलेत."