सरांसाठी निवडलेला कीबोर्ड

सकपाळ सर गेल्याचं मला ऑफिसात कळलं. आवक टपालाची नोंद करत होते आणि फोनवर महेशचं नाव आलं. महेश म्हणजे सरांचा मुलगा, मुंबईला असतो. तो एरवी फक्त मेसेज करतो, फोन कधी नाही. त्यामुळे उचलण्याआधीच काहीतरी झालंय हे कळलं. "ताई, पप्पा गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकले, आणि..." पुण्याहून घाट उतरून मी पोलादपूरला पोचले तोवर सगळं उरकून माणसं पांगली होती. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. सरांविषयी तू लिही, असं त्यांचे दोन-तीन जुने विद्यार्थी मला म्हणाले. पण सरांविषयी लिहायचं तर मला त्या कीबोर्डविषयी लिहावंच लागणार, आणि ते आजचं उद्यावर ढकलावं असं रोज वाटत राहिलं.

महाडच्या बाजारपेठेला लागून असलेल्या एका गल्लीत, तळमजल्यावर, सरांचा टायपिंगचा क्लास होता. तीन ओळींत मांडलेली मशिनं, भिंतीला लावलेला एक बाक आणि दाराशी सरांचं टेबल. मी तुडीलची. वडील शेती करायचे, आई त्यांच्या बरोबरीने राबायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेज सुटलं की गावच्या एसटीला दीड तास असायचा, तो मी क्लासात काढायचे. "ताठ बसा! नजर कागदावर, बोटांकडे बघायचं नाय," असं म्हणत सर मशिनांच्या मधून फिरायचे. जो बोटांकडे बघेल त्याच्या हातांवर ते वर्तमानपत्र पसरायचे, आणि तो खालून चाचपडायला लागला की म्हणायचे, "दिवे गेले तर जेवायचा थांबतोस काय रे? घास बरोबर तोंडात जातो ना? मग?" सगळा क्लास हसायचा आणि त्या हसण्यातही मशिनं चालूच असायची.

टायपिंगची छापील पुस्तकं बाजारात मिळायची, पण सरांनी स्वतःचे चाळीस पाठ तयार केले होते. पहिले दहा नुसते बोटं बसवण्यासाठी. त्यापुढचा प्रत्येक पाठ म्हणजे आमच्यापैकी कुणाला तरी आयुष्यात खरोखर लिहावं लागेल असं एक पत्र. उमरठची गाडी वेळेवर सोडावी म्हणून आगार व्यवस्थापकांना विनंती. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावण्यासाठी तलाठ्यांना अर्ज. रेशनकार्डात सुनेचं नाव घालण्याबाबत. आमचे आईवडील कुठल्याही कचेरीत गेले की दाराशी हात जोडून उभे राहायचे आणि आत बसलेला माणूस काय म्हणेल ते ऐकून परत यायचे. आम्ही मात्र अर्जाला विषय कसा घालायचा, मागणी एका वाक्यात कशी मांडायची, सोबत काय जोडायचं हे वेग वाढवता वाढवता शिकून गेलो. आपण काहीतरी शिकतोय हे तेव्हा कळलंही नाही. माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज मी सरांच्या एकतिसाव्या पाठावरून लिहिला होता, फक्त नाव-पत्ता बदलून. आज मी जी काही आहे ती त्या कागदामुळे आहे, हे मी सरांना तोंडावर कधी म्हटलं नाही... पाठ घरी न्यायला मात्र बंदी होती. "मागून येणाऱ्या पोरांना लागतील," सर म्हणायचे आणि दाराशी कागद मोजून घ्यायचे. म्हणून आमच्यापैकी एकाकडेही त्यांची प्रत नाही.

मग तो मोठा पूर आला. महाडात त्याविषयी कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. क्लासात पंख्यापर्यंत पाणी होतं. मशिनं चिखलात बसली आणि पत्र्याच्या पेटीतल्या पाठांचा लगदा झाला. सरांनी क्लास पुन्हा उघडला नाही. पोलादपूरला त्यांचं छोटं घर होतं, तिथे ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी, राहायला गेले. दोन-तीन वर्षांनी त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार निघाला. कडेचं दिसत राहील पण समोरचं, मधलं, पुसट होत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवसांनी सरांचा मला फोन आला. "सुनंदा, मला ते चाळीस पाठ परत लिहून काढायचेत गो. दिसतंय तोवर." मी काही विचारण्याआधी त्यांनीच सांगून टाकलं, "पोरं सगळं मोबाईलवर करतात, पण अर्ज लिहायचा झाला की अजून माझ्या दारात येतात. मी नसलो की कुणाच्या दारात जातील?"

महेशने त्यांना टॅब पाठवला होता, मिळाला त्यातला सगळ्यात मोठा. त्यावर अक्षर चिंचोक्याएवढं करता येत होतं. मी म्हटलं, सर, तुम्ही नुसतं बोला, तो ऐकून लिहील. त्यांनी आठवडाभर खटपट केली आणि मग फोनवर म्हणाले, "तोंडाला येत नाय. 'मी खाली सही करणार' इथपर्यंत येतो आणि पुढे कोरा. हे माझ्या बोटांना पाठ हाय, डोक्याला नाय." काचेवरचा कीबोर्डही उपयोगाचा नव्हता. त्यावर बोटं टेकवून ठेवता येत नाहीत. टेकली की अक्षरं उमटत सुटतात. त्यांना खऱ्या कळांचा कीबोर्ड हवा होता. "तुला त्यातलं कळतं, तू निवड," असं म्हणून त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. त्या मी डायरीत लिहून घेतल्या. कळ खाली गेल्याचं बोटाला कळलं पाहिजे. मधल्या ओळीवर बोटं ठेवायची खूण हाताला लागली पाहिजे. आणि टॅब ते डोळ्यांसमोर उंचावर, अगदी जवळ ठेवणार होते, कीबोर्ड मांडीवर घेणार होते. तेव्हा दोन्ही एकमेकांपासून वेगळे झाले पाहिजेत.

त्यांच्या मागणीत एवढंच होतं. मी मात्र निवडण्यात तीन महिने घालवले. सरांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी देत होते, ते सगळ्यात चांगलंच हवं असा माझा हट्ट. टॅबच्या काही कव्हरांना कीबोर्ड कायमचा शिवलेला होता, ती मी बाजूला काढली. काहींत ब्लूटूथवर चालणारा सुटा कीबोर्ड होता, पण तो वेगळा चार्ज करायचा, टॅबशी जोडून घ्यायचा. सरांना ती कटकट नको असं मीच ठरवलं. मग वजन, कळांमधलं अंतर, कव्हराचं कापड, पाठीमागची टेकण किती कोनात उघडते, असा तक्ताच केला. ऑफिसातल्या मुलांचं मत घेतलं, व्हिडिओ पाहिले. दर आठवड्याला सरांचा फोन यायचा. "आला काय गो?" "बघतेय सर. एक चांगला सापडलाय, पण कळा जरा लहान वाटतात." "लहान असू देत. माझी बोटं काय केळी हायत?" तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, त्यांनाही माझं पटलंय... घाईने वाईट घेण्यापेक्षा थांबलेलं बरं.

शेवटी मी त्या टॅबसाठीच बनवलेला, त्याच कंपनीचा कीबोर्ड घेतला. चार्जिंग नको, जोडणी नको. काठाला लोहचुंबक, टॅबला लावला की लगेच सुरू. वेगळा होतो, असं त्याच्या माहितीच्या पानावर ठळक लिहिलं होतं. डायरीतल्या तिसऱ्या गोष्टीपुढे मी बरोबरची खूण केली. एका रविवारी तो घेऊन पोलादपूरला गेले. टाइपरायटरच्याच क्रमाने मराठी अक्षरं देणारं ॲप टाकून दिलं. कीबोर्ड खट्कन काढून दाखवला, खट्कन परत लावला. "काय पकड हाय रे देवा!" सर म्हणाले. मग टेबलावर ठेवलेल्या टॅबपुढे बसून त्यांनी मधल्या ओळीवर बोटं टेकवली, आणि कळांकडे न बघता पहिल्या पाठाची पहिली ओळ आली. एकही चूक नाही. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी डोळे पुसत तीनची गाडी पकडली. टॅब उंचावर ठेवून आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन त्यांना पाच मिनिटं बसवून बघावं, हे काही मला सुचलं नाही.

त्यानंतर फोनवर पाठांचा आकडा कळायचा. "सहा झाले." मग बऱ्याच दिवसांनी, "दहा." मला वाटायचं, डोळ्यांमुळे वेळ लागत असेल. गणपतीला गावी गेले तेव्हा वाट वाकडी करून सरांकडे गेले. ते बुटक्या टेबलापाशी बसले होते. कंबरेतून पार वाकलेले, चेहरा टॅबला भिडलेला, कोपरं पोटाशी आवळलेली. मला गंमत सुचली. दारातूनच मी ओरडले, "ताठ बसा!" सर दचकले, मग हसले आणि खरंच ताठ बसले. "माझंच माझ्यावर उलटवतेस काय गो?" आतून काकींच्या हसण्याचा आवाज आला. मी विचारलं, "मांडीवर नाही घेत कीबोर्ड?" "असंच बरं पडतं," असं म्हणून त्यांनी माझ्या आईची चौकशी सुरू केली. मी तासभर होते. तो सगळा वेळ ते ताठ बसून होते आणि त्यांनी एकही अक्षर टाइप केलं नाही. माझ्याशी गप्पा मारायच्यात म्हणून काम बाजूला ठेवलं असेल, असं मी समजले. ताठ बसलं की त्यांना काही दिसतच नव्हतं, हे मला कळलं नाही. आमची ती शेवटची भेट.

तेराव्यानंतर मी एक दिवस काकींपाशी राहिले. झालेले पाठ छापून घ्यावेत असं महेशच्या मनात होतं, म्हणून मी टॅब उघडला. सवयीने कीबोर्ड ओढून वेगळा केला आणि मांडीवर घेतला, तशा काकी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काढू नको गो तो! बंद पडतो." मी कळा दाबून पाहिल्या. काहीच उमटेना. परत टॅबला लावला, तर सुरू. पुन्हा काढला, बंद.

"दुसऱ्याच दिवशी झालं ते," काकी सांगायला लागल्या. "टॅब ठेवला फडताळावर, हे घेतलं मांडीवर, तर एक अक्षर येईना. असे घाबरले! म्हणाले, पोरीनं तीन महिने शोधून आणला आणि मी एका दिवसात मोडला. मग परत चिकटवला तर चालू झाला. मला म्हणाले, देवापुढे साखर ठेव. आणि त्या दिवसापासून त्याला कधी वेगळा केला नाय, मलाही करू दिला नाय."

"मला सांगायचं ना काकी."

"मीच सांगणार होते. मान दुखते म्हणून रोज रात्री तेल चोळून घ्यायचे. पण शपथ घातली मला. म्हणाले, तिला वाईट वाटंल."

मी तिथेच बसून त्या कीबोर्डची माहिती पुन्हा वाचली. त्याच्या काठाला तीन बारीक टोकं आहेत. ती टॅबला टेकलेली असली तरच तो चालतो. वेगळा होतो म्हणजे नुसता निघतो. पानाच्या अगदी तळाशी तसं लिहिलेलंही होतं. कळांमधलं अंतर किती हे मी चारदा पाहिलं होतं, पण तेवढ्या खाली काही गेले नव्हते. मी बाजूला काढलेला, साधा, ब्लूटूथवाला कीबोर्डच त्यांना हवा होता, आणि तो पहिल्याच आठवड्यात मिळाला असता.

"काकी, तो मोडला नव्हता," मी म्हटलं. "तो असाच असतो. मी चुकीचा आणला."

काकींनी कीबोर्डच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे उगाच घाबरलं गो माणूस."

टॅबमध्ये सतरा पाठ आहेत. सुरुवातीचे स्वच्छ आहेत. दहाव्यानंतर चुका दिसायला लागतात, कुठे कळ दोनदा दाबली गेलेली, कुठे अख्खी ओळ राहून गेलेली. सतरावा रेशनकार्डाचा, तो मधेच थांबतो: 'तरी माझ्या सुनेचे नाव' इथे. पुढचे तेवीस आता कुठेही नाहीत. जुन्या विद्यार्थ्यांना विचारून झालं. कुणाला एखादा विषय आठवतो, कुणाला शेवटचं वाक्य. पाठ असा कुणालाच आठवत नाही. मला नोकरी देणारा एकतिसावा मलाही आठवत नाही. मी बसून पाहिलं. पहिल्या दोन ओळी येतात आणि पुढे काही केल्या येत नाही... जमेल तेवढं आम्ही सगळे मिळून नव्याने लिहू. ते उपयोगाचंही होईल. पण ते सरांचं नसेल, आणि ज्या महिन्यांत ते सरांचं होऊ शकलं असतं ते महिने मी निवड करण्यात घालवले, हे मला कुणी म्हणत नसलं तरी ठाऊक आहे.

निघायच्या आधी मी टॅब बंद केला, तेव्हा काळ्या काचेवर खिडकीतला उजेड तिरपा पडला आणि वरच्या काठाशी, मधोमध, एक केशरी डाग दिसला. अंघोळ झाली की सर कपाळाला अष्टगंध लावायचे. वाकून वाकून त्यांचं कपाळ काचेला जिथे टेकायचं, तिथला तो डाग. काकी पदराचं टोक घेऊन पुढे आल्या. "थांब, पुसून देते. रोज पुसायची मी, दुसऱ्या दिवशी परत असायचा..." एवढं बोलल्या आणि त्यांचा हात काचेपाशी तसाच थांबला.

त्यांनी पुसलं नाही. पाठ मी माझ्या फोनवर घेतले आणि टॅब त्या बुटक्या टेबलावर, कीबोर्ड लावलेला, तसाच ठेवून आले. परवा फोन केला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर काकी आपण होऊन म्हणाल्या, "टेबल रोज पुसते गो. त्याला तेवढा हात लावत नाय."