सत्ती आणि दुर्री

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. मग तुमच्याजवळ का बोलतेय? तुम्ही आमच्या नानांना कधी पाहिलं नाही, म्हणून असेल.

नाना म्हणजे माझे सासरे. गणिताचे मास्तर. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते शाळेत होते आणि तोवरचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. पुढं जन्मभर मराठीत शिकवलं, पण मनातल्या मनात मोजताना ओठ उर्दूतच हलायचे. मी या घरात आले ती दहावीला गणितात नापास झालेली. ते त्यांना लग्नाआधीच माहीत होतं. ताटावर बसले की विचारायचे, "सूनबाई, सत्तावीस नव्वं किती?" पाहुणे असले की हमखास. मी गप्प राहिले की हसायचे. वाईट हसणं नव्हतं ते — निदान त्यांना तरी तसं वाटत नसावं. सासूबाई होत्या तोवर त्या विषय बदलायच्या. त्या गेल्यावर कुणी बदलला नाही.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत नानांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, फक्त त्याला काम द्या. पत्ते खेळा, बेरजा करा. रमी त्यांच्या आवडीची, पण एका हातात तेरा पानं धरणार कशी?

तेव्हा माझे धाकटे दीर रजेवर आले होते. ते परदेशी प्रवासी जहाजावर होते, तिथल्या जुगाराच्या दालनात पानं वाटायचे. घरात ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. भाऊजी म्हणाले, "नाना, तुम्हाला फ्रान्सच्या लोकांचा खेळ शिकवतो. बाकारा. पानं हातात धरायचीच नाहीत, टेबलावर उघडी ठेवायची." आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

सोपा आहे तो. दोघांना दोन-दोन पानं. एक्क्याचा एक, चित्रांचा आणि दश्शीचा शून्य, बाकी पानावर असेल तेवढं. बेरीज करायची आणि दहा सोडून द्यायचे — पंधरा आले तर पाच धरायचे. नऊच्या जवळ जो, तो जिंकला. पाच किंवा कमी आले तर आणखी एक पान. खऱ्या खेळात याहून नियम जास्त आहेत, पण भाऊजींनी आमच्यासाठी एवढेच ठेवले. डावावर चिंचोके लावायचे.

भाऊजी गेले. मग दुपारी मी आणि नाना. हे वाळूजला कंपनीत, पोरं शाळेत. आमच्या हर्सूलच्या बाजूला तेव्हा वस्ती विरळ होती, दुपारी कुणी फिरकायचं नाही. सुरुवातीला नाना चुकायचे. मग हळूहळू जमायला लागलं. आकडा तोंडातून यायला वेळ लागायचा, यायचा तो उर्दूतला — सहाला छे, नऊला नौ — पण बरोबर यायचा. मला बरं वाटायचं. खरंच वाटायचं. हे मी स्वतःला चांगलं ठरवायला सांगत नाही.

एके दिवशी त्यांच्यापुढं छक्की आणि नव्वी आली. ते म्हणाले, पाच. मी म्हणाले, "नाही नाना, चार." मी मुद्दाम म्हणाले नव्हते. माझंच चुकलं होतं. त्यांनी पानांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि म्हणाले, "चार? व्हय, चार."

माझी चूक मला लगेच कळली. सांगायला काय हरकत होती? — तेवढं एक वाक्य. पण इतक्या वर्षांत नानांनी माझं ऐकून स्वतःचा आकडा बदलला, असं पहिल्यांदा झालं होतं. मी पानं गोळा केली आणि पुढचा डाव वाटला.

दुसऱ्या दिवशी ठरवून केलं.

रोज नाही. कधी एखादा डाव, कधी दोन. ते डाव्या हाताच्या बोटांवर पुन्हा मोजायला लागले की मी पानं उचलायची. आवाज कधी चढवला नाही. "राहू द्या नाना, होतं असं," म्हणायची. मायेनं म्हणायची. ही माया कुठून आणत होते मी? राग होता का? आता आठवायला गेलं तर राग सापडत नाही. काहीच सापडत नाही. भाजी चिरावी तसं मी ते करत होते.

एकदा त्यांच्यापुढं सत्ती आणि दुर्री आली. तिसरीतलं पोरही सांगेल. नानांचा चेहरा उजळला, ते म्हणाले, "नौ." मी म्हणाले, "आठ, नाना." ते बराच वेळ त्या दोन पानांकडं बघत राहिले. मग आपल्यापुढचे चिंचोके त्यांनी डाव्या हातानं माझ्याकडं सरकवले.

इथवर कदाचित तुम्ही म्हणाल, खेळच होता. मीही तसंच म्हणत होते.

मग त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. औरंगपुऱ्यात त्यानं शिकवणीचे वर्ग काढले होते. म्हणाला, "सर, रिक्षा पाठवतो. फळ्यापाशी उभं राहू नका, खुर्चीवर बसा. पोरांच्या वह्या बघा, अडलं ते सांगा. तेवढं लई झालं."  तो गेल्यावर नानांनी मला त्यांचा पांढरा सदरा काढायला लावला आणि मांडीवर घेऊन बसले. मग विचारलं, शब्द जुळवत जुळवत, "सूनबाई... जमंल का मला?"

त्यांनी मला विचारलं. मुलाला नाही, डॉक्टरला नाही — मला.

मी म्हणाले, "नाना, पोरांसमोर चुकलं तर? सात आणि दोन आठ म्हणालात तर?"

आठ मी म्हणाले होते. त्यांनी नऊच म्हटलं होतं. पण ते त्यांना आठवलं नाही. किंवा आठवलं असेल आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कोणतं बरं?

सदरा त्यांनी मला परत दिला. त्या विद्यार्थ्याला नको म्हणून मीच सांगितलं. त्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. पत्तेही. वार कोणता, गोळ्या घेतल्या का, सगळं मला विचारायचे आणि मी सांगेन ते खरं. पुढच्या रजेला भाऊजी आले, त्यांनी हौसेनं पानं मांडली. "बोला नाना, किती?" नानांनी पानांकडं पाहिलंच नाही. म्हणाले, "तिला विचार."

मी बरोबर आकडा सांगितला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर तयार झालात."

नंतर दोनेक वर्षांनी नाना गेले. तेराव्याला त्यांचे विद्यार्थी आले, गल्ली भरली. बायका मला जवळ घेऊन म्हणाल्या, पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलंस. मी मान खाली घातली. तसंच घालतात, म्हणून घातली. हे रडत होते. मी पाहुण्यांना पाणी दिलं.

नानांचं डोकं गेलं नव्हतं. शेवटी ते गेलं असं समजूनच नाना गेले. खरं काय ते त्या घरात मला एकटीला माहीत होतं, आणि मी समोर बसून त्यांना भात भरवत होते.