हाक न मारलेली दुपार

रऊफभाईंचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. बोर्ली पंचतनच्या नाक्यावर त्यांची रिक्षा असते. त्या दिवशी पोलीस चौकीत ते माझ्याबरोबर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "हा माझ्या घरातलाच माणूस समजा. याला काय बी माहीत न्हवतं." मी परभणीकडचा, शाळा नववीत सुटली. इथं समुद्राजवळच्या एका बंगल्यावर राखणीला आणि स्वयंपाकाला आहे. या मुलखात माझ्यासाठी शब्द टाकणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि त्या बंगल्यात वर्षभरासाठी राहायला आलेले निखिलदादा त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. त्याला आता पाच आठवडे झाले.

दादा पोकर खेळायचे. अकरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. कधी गोव्याला टेबलावर बसून, बाकी घरी कॉम्प्युटरवर. वय चाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही. मला वाटलं होतं, पत्तेवाला माणूस म्हणजे दारू, आरडाओरडा, रात्री पाहुणे. तसलं काहीच नाही. दोन बॅगा आणल्या होत्या. त्यातली एक कपड्यांची, ती लहान. दुसरीत नुसत्या कादंबऱ्या. त्या संपल्यावर बोर्लीच्या वाचनालयातून आणायला लागले. रऊफभाई त्यांना न्यायचे-आणायचे आणि चिडवायचे, "पत्तेवाला माणूस नि हातात पुस्तक? आमच्या गावात मास्तरच्या हातात पत्ते बघितलेत, हे उलटं पहिल्यांदा बघतोय." दादा म्हणायचे, "पोकर म्हणजे नुसतं नशीब नाही हो, गणित असतं त्यात." "गणित एवढं पक्कं असतं तर माझ्या खटाऱ्यातनं कशाला फिरला असतात?" यावर दादा हसायचे. एरवी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. त्यांच्या धंद्यात तेच शिकावं लागतं म्हणे, पत्ते चांगले येवोत की वाईट, पापणीसुद्धा हलता कामा नये. आठ-आठ तास ते तसे बसू शकायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, की एवढा चांगला चाललेला खेळ सोडून हे वाचन का? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सुभाष, तिथं मी माणसांकडे बघायचो ते त्यांना हरवायला. समोरचा घाबरला की मला आनंद व्हायचा. घरीसुद्धा तसंच बघायला लागलो होतो... पुस्तकातल्या माणसांना हरवायचं नसतं, म्हणून ती नीट दिसतात." वर्षभर पत्त्यांना हात लावायचा नाही, मग ठरवू, असं त्यांचं चाललं होतं. संध्याकाळी चहा पिताना ते मला त्या दिवशी वाचलेलं सांगायचे. शेवटची चालू होती ती एका बाईची गोष्ट. नवरा न सांगता निघून गेलेला आणि ही एकटी पिठाची गिरणी चालवते. मी रोज विचारायचो, "आला का तो परत?" ते म्हणायचे, "अजून दीडशे पानं आहेत. घाई करू नकोस." मला कुणी असं बसवून काही सांगितलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही.

त्यांचा एकच नियम होता. दोन ते पाच हाक मारायची नाही. सुरुवातीला एकदा मी मासळी कुठली आणू म्हणून विचारायला गेलो, तर पुस्तक मिटून म्हणाले, "तुटलं बघ सगळं." रागावले नव्हते, पण मी ते मनाला लावून घेतलं. हातातली नोकरी जाईल ही भीती मला कायमच असते. त्यानंतर मी पायांचा आवाजसुद्धा करत नव्हतो.

त्या दिवशी तीन वाजता ओट्यावर कोकम सरबताचा पेला त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला. ते पुस्तकात बघत होते. पावणेचारला माडाच्या झावळ्या गोळा करायला तिकडून गेलो, तर पेला तसाच, काठावर मुंग्या. वाटलं, रंगलेत. चारला वारा सुटला. पुस्तकाची तीन-चार पानं आपोआप उलटली आणि दादांनी ती परत लावली नाहीत. हे मी बघितलं. झावळ्या हातात धरून उभा राहिलो, तोंडात हाक आली होती. मग ते "तुटलं बघ सगळं" आठवलं आणि मागच्या दारानं आत जाऊन तांदूळ निवडत बसलो... पाचला गेलो तेव्हा हात गार होता. रऊफभाईंना फोन केला, ते दहा मिनिटांत आले. दोघांनी उचलून त्यांना रिक्षात घातलं, मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. मी विचारलं, "चार वाजता आणलं असतं तर?" ते म्हणाले, "आता ते सांगता येणार नाही." मला हो किंवा नाही यातलं काहीतरी हवं होतं.

चौकीत साहेबांनी विचारलं, "एवढा वेळ माणूस हलला नाही आणि तुला काही वाटलं नाही?" तेव्हा रऊफभाई मधे पडले, म्हणाले, तो माणूस वाचायला बसला की हलायचाच नाही, मी पण बघितलाय, याला काय माहीत असणार. मी मान खाली घालून ऐकलं. पुढे आठ दिवस त्यांनी मला बंगल्यावर जाऊ दिलं नाही, घरी ठेवून घेतलं. भाभी वाढताना म्हणायच्या, "जेव रे बाबा, तुझ्याकडे बघवत नाय." त्यांच्या ताटात जेवताना मला ती उलटलेली पानं दिसायची.

दादांचे भाऊ आले, कॉम्प्युटर आणि कागद घेऊन गेले, पुस्तकं वाचनालयाला दे म्हणाले. गिरणीवाल्या बाईची कादंबरी मी अजून दिलेली नाही. दादा खूण ठेवत नसत, पान डोक्यात असायचं, पत्त्यांसारखं. उचलताना पुस्तक पडून मिटलं, त्यामुळं ते कुठवर पोचले होते हे कुणालाच माहीत नाही. शाळा सुटल्यापासून वाचायची सवय मोडलीय, मी बोट लावून वाचतो, एका पानाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यांनी मला सांगितलेला भाग अजून संपलेला नाही. तो संपला की पुढं मी एकटाच. आणि नवरा परत आला तरी ते कुणाला सांगायचं?

रऊफभाई, हे छापून आलं तर तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवील. तुम्ही माझ्यासाठी जो शब्द दिलात तो पुरता खरा नव्हता. पानं उलटताना मी बघितलं होतं. पाच आठवडे रोज तुमच्यासमोर येऊन हे माझ्या तोंडातून निघालं नाही. तुम्हाला वाईट वाटेल, कदाचित मला घरात घेणारही नाही. तरी तुमचे उपकार मी एक दिवस फेडणार आहे. कसे ते अजून सुचत नाही. तोवर एवढंच करतो... दुपारी नाक्यावर तुम्ही रिक्षात मान टाकून पडलेले दिसलात, की मी हाक मारतो. तुम्ही दचकून उठता आणि मला शिव्या घालता. घाला. मी उद्याही हाक मारणार.