फाउंड आणि माझी मिशी

आमचे आबा दोनदा वारले. पहिल्या खेपेला त्यांना मी मारलं.

लढाईचे दिवस होते. आबा साताऱ्याहून हळद विकायला सांगलीला गेले, ते आठवडा झाला तरी परतेनात! मी मेव्हण्याला शोधायला धाडलं आणि उंबरा ते नाका येरझारा सुरू केल्या. जेवण जाईना, बसवेना. अशात तार आली. तार म्हटल्यावर बायकांनी वाचायच्या आधीच गळा काढला!

पोस्टमननं अक्षरं जुळवून वाचलं, "फादर फाउंड." अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. महाबळेश्वरला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मी दोन हंगाम काढले होते ना! (साहेब इंग्रजी बोलायचा ते कुत्र्याशी, पण शेजारी मीच उभा असायचो.)

"आवं, काय म्हंतीया तार?" बायको रडत म्हणाली.

"फादर म्हंजे बाप."

"आन् फाउंड?"

हे साहेब कुत्र्याला कधी बोलला नव्हता.

"मास्तरास्नी इचारू का?" चुलतभाऊ म्हणाला.

"मी जित्ता असताना मास्तर कशाला रं?" मी गरजलो आणि डोकं चालवलं. तार येते ती कुणी गेल्यावरच. मग तारेतल्या शब्दाचा अर्थ दुसरा असेलच कसा?

"फाउंड म्हंजे गेला!"

एकच आकांत!

"गड्या, मढं तरी येऊ दे," चुलतभाऊ म्हणाला.

"मला शिकवू नगंस!"

न्हावी आला. डोक्याचं काही वाटलं नाही, त्यात तसंही फारसं नव्हतं. पण रोज लोणी लावून पोसलेली मिशी मातीत पडली, तेव्हा मी हंबरडा फोडला. लोक म्हणाले, "बापावर लय जीव!"

दिवस कलताना मेव्हणा आला. मागं आबा! सांगलीत कुस्त्या बघत रमले होते. दारातली गर्दी आणि माझं तुळतुळीत तोंड बघून ते चरकले.

"कोन गेलं रं?"

पदराआडून बायको म्हणाली, "तुमीच, मामंजी."

"आवं दाजी," मेव्हणा ओरडला, "सापडले म्हनून तार केलीती की!"

"मला ठावं हाय," मी म्हणालो. "उकडत हुतं म्हनून काढली मिशी."

(पौषातली थंडी होती.)

मिशी महिन्याभरात आली. पण पेठ मला अजून फाउंडराव म्हणते, आणि इंग्रजी तार आली की पोस्टमन माझं दार चुकवून थेट मास्तरांकडे जातो.