जोडीतला दुसरा बैल

लांबची लेन्स हाताने फोकस करायला मला वहिनींनी शिकवलं. हे आधीच सांगतो, कारण महागावात आमच्या स्टुडिओचं नाव निघालं की लोक दादांचं कौतुक करतात, अलीकडे कुणी कुणी माझंही करतात. वहिनी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर असतात, त्या कुणाला दिसतच नाहीत. दादा म्हणजे स्टुडिओचे मालक, आणि वहिनी त्यांच्या पत्नी.

मी मूळचा देवगडकडचा. नववीत शाळा सुटली. गावातल्या एकाबरोबर रस्त्याच्या कामावर इकडे आलो. काम संपलं, बाकीचे परत गेले, मी दादांकडे राहिलो. आधी लग्नांत लाइट धरायचो, मग कॅमेरा हातात आला. झोपायला स्टुडिओ, जेवायला वहिनींचं घर. आईने गावभर सांगून ठेवलंय की मुलगा फोटोग्राफर आहे. त्यामुळे इथून काढलं तर घरी कुठल्या तोंडाने जायचं, ही धास्ती कायम असते. दादा नुसते "इकडं ये" म्हणाले तरी आपलं काय चुकलं ते मी आठवायला लागतो.

गेल्या हिवाळ्यात फुलसावंगीच्या बाजूला शंकरपट ठरला. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत; कोकणात मी ती कधी बघितली नव्हती. पटाच्या आधी तांड्यावरचे एक काका दुकानात आले. त्यांची जोडी त्या पटात पळणार होती.

"माहा डावा बैल यंदा अखरीचा पळून राह्यला," ते म्हणाले. "म्हातारा झाला. मंग त्याले सुटी. जोडीचा फोटो पायजे, पळतानीचा. बैठकीत लावाचा आहे."

दादांनी हो म्हटलं. पण त्याच दिवशी त्यांचं मारेगावला लग्न होतं, आणि आपोआप फोकस होणारी चांगली लेन्स नागपूरला दुरुस्तीला गेलेली. "तूच जा," दादा मला म्हणाले. "अन् फोटो नाही आला तं इकडं परत येऊच नको." हे ते हसत म्हणाले की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वहिनींनी कपाटातून त्यांच्या वडिलांची जुनी लेन्स काढली. वडील मारेगावला फोटो काढायचे. जयंतीची मिरवणूक ते समोरच्या गच्चीवरून याच लेन्सने टिपायचे. जड, लोखंडी वस्तू. जुळणारी कडी लावून ती आमच्या कॅमेऱ्यावर बसली, पण कॅमेरा तिला ओळखेना. फोकस हाताने, उजेडाचं मापही हाताने.

"हे पाय," वहिनी म्हणाल्या, "एकामागं एक तीन दोऱ्यांवर कपडे वाळत हायेत असं समज. ही लेन्स तुले एकाच दोरीवरचे कपडे साफ दाखवते. मागचे-पुढचे पुसट. म्हून पळत्या गाडीच्या मागं रिंग फिरवत बसू नको. दोरी आधीच बांधून ठेव, अन् गाडी तिथं याची वाट पाय."

दुकानासमोरच्या स्पीडब्रेकरवर मी फोकस बांधायचो आणि मोटरसायकलींची वाट बघायचो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ऊन पडून काही दिसत नसे, म्हणून डोक्यावर वहिनींनी दिलेली काळी ओढणी. आधी सगळ्या फोटोंत नुसता रस्ताच आला. "ब्रेकरवर आल्यावर दाबशीन तं गाडी गेली," वहिनी आतून ओरडायच्या. "याच्या आधी दाब!"

त्यात वेगळीच भानगड झाली. लांब नळी रोखून बसलेला माणूस बघून बिनहेल्मेटवाले लांबूनच गाडी वळवायला लागले. समोरचा चहावाला वैतागला. "काहून रे बाप्पा, पोलिसात भरती झाला का तू? माहं गिऱ्हाईक पळून राह्यलं!" शेवटी वहिनींनी दादांनाच गाडी घेऊन येरझारा घालायला लावलं. दादा तोंड वाकडं करून ब्रेकरवरून जात राहिले, आणि हळूहळू त्यांच्या मिशांचे केस मोजता येतील असे फोटो यायला लागले.

पटाच्या दिवशी मी पहाटेच जाऊन चुन्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे, धावपट्टीच्या कडेला जागा धरली. रेषेवर फोकस बांधला, रिंगेला चिकटपट्टी लावली. इतर जोड्यांवर हात बसवून घेतला. दुपारी काकांची जोडी सुटली. लोकांचा आरडाओरडा, धूळ, त्यात छकडीवर वाकलेला धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. मी थोडं आधी दाबलं आणि बोट काढायचं विसरलो. बैल माझ्या अंगावरून गेल्यासारखे गेले. जोडी पहिली आली नाही. काकांना त्याचं काही विशेष वाटलं नाही, ते धावत जाऊन म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात पडले.

पडद्यावर बघितलं तर फोटो आला होता! चारही पाय हवेत, माती उडालेली, उजवा बैल इतका साफ की नाकातली वेसण दिसत होती. मग डाव्या बैलाकडे लक्ष गेलं. तो पुसट होता.

मी कडेला बसल्यामुळे उजवा बैल माझ्या जवळ आणि डावा लांब होता. जवळचा दोरीवर आला तेव्हा लांबचा अजून यायचा होता. मोटरसायकल एकटी असते. जोडीत दोन बैल असतात, हे मला सकाळपासून इतक्या जोड्या बघूनही सुचलं नव्हतं. सगळ्या फोटोंत एक साफ आणि एक पुसट असणार, आणि मी प्रत्येक वेळी फक्त साफ असलेला बघून खूश झालो होतो.

एसटीत बसून मी मनातल्या मनात बॅगेत कपडे भरत होतो.

वहिनींनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "चूक माही आहे. मी तुले गाडीवर शिकोलं."

दादांनी मोबाइलमधल्या अॅपवर टाकून बघितला. अॅपने म्हाताऱ्याला नवे केस दिले, चमकदार डोळा दिला. दादा खूश. वहिनींनी जवळ जाऊन बघितलं. त्या बैलाच्या कानाची कड फाटलेली होती. अॅपने कान अख्खा केला होता.

"यानं तं कान शिवला," वहिनी म्हणाल्या. "काका घरात दुसऱ्याचा बैल लावतीन का?"

"मंग काय करतं आता?" दादा चिडले.

वहिनी पुढचे फोटो बघत गेल्या. माझं बोट दाबलेलंच राहिलं होतं, म्हणून लगेचचा एक फोटो होता. त्यात म्हातारा दोरीवर आला होता: फाटका कान, कपाळावरचा गुलाल, सगळं साफ. पण तोवर उजवा पुढे येऊन पुसट झालेला आणि त्याचं अर्धं तोंड फोटोबाहेर गेलेलं.

"दोन्ही छापू," वहिनी म्हणाल्या. "एकाच फ्रेमीत, शेजारी शेजारी."

त्यांनी दोन्ही फोटो बसून नीट केले, मी शेजारी स्टुलावर. कडक उन्हाने फोटोत नुसती पांढरीफटक आलेली पाठ जेवढी परत आणता आली तेवढी आणली. मी विचारलं, "धूळ काढायची का वहिनी? साफ दिसेल."

"धूळ काढली तं बैल उभे दिसतीन," त्या म्हणाल्या. "राहू दे."

काका आले तेव्हा मी मुद्दाम दुकानाच्या दाराशी उभा राहिलो. त्यांनी फ्रेम काउंटरवर आडवी ठेवली आणि पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "याच्यात हा तं दिसतच नाही."

बोट दुसऱ्या फोटोवर गेलं, परत पहिल्यावर आलं.

"अन् इथं निघाला," काका म्हणाले. "असंच पळतेत हे दोघं. पहिले लहाना वढते, शेवटाले म्हातारा." मग फ्रेमवर वाकून, "पण लहान्याचं तोंड काहून कापलं?"

"तो घाईत होता, काका," वहिनी आतून म्हणाल्या.

"घाईतच असते तो," काका हसले. फ्रेम त्यांनी शालीत गुंडाळली आणि बगलेत धरून नेली.

दादा बराच वेळ मोबाइल बघत होते. मग मला म्हणाले, "पुढच्या पटाले समोरासमोर बसजो. कडेले नाही." पुढच्या पटाला मी असणार होतो, एवढंच मला त्यातून ऐकू आलं. त्या दिवशी आईला फोन केला, पण काय झालं होतं ते सांगितलं नाही.

वहिनींनी मला कामावरून काढू दिलं नाही, हे मला माहीत आहे. वडिलांच्या लेन्समधून त्यांनी स्वतः एकही पट बघितलेला नाही, कारण मागची खोली सांभाळायला दुसरं कुणी नसतं. म्हणून सध्या मी त्यांच्याकडूनच कॉम्प्युटर शिकतोय, फार हळू जमतंय. पण एक दिवस मागच्या खोलीत मी बसेन, स्वयंपाकही करून ठेवीन, आणि लेन्स खांद्याला लावून वहिनी पटाला जातील. हे मी त्यांना अजून बोललेलो नाही. इथं लिहून ठेवतोय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.